चकवा लागला तर बसून राहा

रानात चकवा लागला की माणूस चालचाल चालतो आणि फिरून त्याच झाडाशी येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण हे भुताचे काम नव्हे. २००९ साली जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही माणसांना मोठ्या जंगलात सरळ चालायला सांगितले. ऊन असताना चालली ती जवळजवळ सरळ गेली. ढगाळ दिवशी चालली ती गोल फिरली. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता!

मग भीमाशंकरच्या रानात श्रावणात काय होत असेल? १९९८ साली भाताची लावणी पाहून एका वाडीतून दुसरीकडे निघालो असता धुक्याने मला गाठले. चार हातांपलीकडचे दिसेना, आणि कडा जवळच. मी एका हिरड्याखाली बसून राहिलो. दिवेलागणीपर्यंत पोचलो नाही, म्हणून पुढच्या वाडीतली चार माणसे कंदील घेऊन निघाली. हाक मारायची, थांबायचे, कान द्यायचा. माझी ‘ओ’ त्यांना ऐकू गेली. त्यातला म्हातारा म्हणाला, “सायेब, बसून राहिलात म्हणून गावलात.”

म्हणून सांगतो, रानात जाताना वाट आणि परतायची वेळ घरी सांगून निघा. गुराख्या पोरांच्या गळ्यात शिट्टी बांधा. धुके आले की बसा, हाकेला ओ द्या. फोन लागत असेल तर ११२ फिरवा. आणि घरचे माणूस वेळेवर परतले नाही, तर उजाडायची वाट पाहू नका. शेजाऱ्यांना उठवा.