पाचवा वड

भाद्रपद लागला की माझे पाय घरात ठरत नाहीत. एरवी मी शिस्तीचा माणूस. सारे आयुष्य शाळेच्या घंटेवर वावरल्यामुळे सेवानिवृत्तीनंतरही रात्री नऊच्या ठोक्याला मी दिवा मालवतो. परंतु गणेशचतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत माझ्या दिनक्रमाला सुट्टी असते. घरची आरती आटोपली की मी काठी उचलतो, रविवार कारंजावरच्या चांदीच्या गणपतीपुढे हात जोडतो आणि मेन रोडने भद्रकालीच्या बाजूला वळतो. देवदर्शनाला निघालो, असे मी घरी सांगतो खरा. पण ते अर्धेच सत्य आहे. मी निघालेला असतो आरास पाहायला.

लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या सुमारास पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. उत्सव पुण्याहून गावोगाव गेला आणि त्याच्याबरोबर देखाव्यांची हौसही गेली. आमच्या नाशकाला तर त्या हौसेची फार गोडी. भालेकर मैदानावर कारखान्यांतील कामगारांच्या मंडळांनी मांडलेले देखावे पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतून माणसे आलेली मी पाहिली आहेत. दिवसभर यंत्रावर राबणारे हात रात्री पुराणातले राक्षस घडवीत असत!

गर्दीतील माणूस एका देखाव्यापुढे फार तर दोन मिनिटे थांबतो. मागची रांग त्याला पुढे ढकलते. मी मात्र मुद्दाम उशिरा, गर्दी ओसरल्यावर जातो आणि खांबाला टेकून उभा राहतो. कृष्णाने गोवर्धन उचललेला सर्वांनाच दिसतो. त्या पर्वताच्या आडोशाला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गवळ्याच्या घोंगडीला वेगळ्या रंगाचे ठिगळ लावलेले असते, ते मला पाहायचे असते. एकदा मी सुदाम्याच्या झोपडीचा देखावा पाहिला. झोपडीच्या कोनाड्यात पणती होती आणि पणतीच्या वर भिंतीवर काजळीचा काळसर ओघळ रंगवला होता. त्या घरात रोज दिवा लागतो, एवढे सांगण्यासाठी कोणी तरी तो काढला होता. सुदाम्याचा चेहरा आज मला आठवत नाही. तो ओघळ आठवतो.

हलत्या देखाव्यांचे आकर्षण मुलांना अधिक. भीमाची गदा वर जाते, खाली येते, आणि खांद्यावर बसलेली चिमुरडी पोरे टाळ्या पिटतात. ही किमया होते कशी, हे मी एका मंडपामागे शिरून पाहिले आहे. विजेची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. भीमाने त्या वेगाने गदा फिरवली तर गदा आणि भीम दोघेही उडून जातील! म्हणून मोटरच्या दोन इंची पुलीवरून पट्टा काढून तो वीस इंची पुलीवर चढवतात. वेग दहापट उतरतो. असेच आणखी एकदा केले की मिनिटाला चौदा फेरे उरतात. शेवटच्या चाकाच्या कडेजवळ एक खुंटी बसवून तिला दांडी जोडतात. चाक फिरते, दांडी मागेपुढे होते आणि भीमाचा हात संथपणे वरखाली होऊ लागतो. आमच्या गणिताच्या पुस्तकात गुणोत्तर-प्रमाणाचा धडा होता. तो इतक्या रंजक रीतीने मला कोणी शिकवला नाही, आणि खरे सांगायचे तर मीही कोणाला शिकवला नाही.

मध्यंतरी थर्माकोलचे राज्य आले. पांढरेशुभ्र महाल एका रात्रीत उभे राहू लागले. मला ते कधी रुचले नाहीत. सगळे महाल एकाच बाजारातून आल्यासारखे दिसत, आणि विसर्जनानंतर त्यांचे तुकडे गोदावरीच्या काठी साचत. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्यानंतर कापड, पुठ्ठा आणि बांबू यांना पुन्हा मान मिळू लागला. त्या वर्षी एका मंडपात चिखलात बुडवून वाळवलेल्या गोणपाटाचा डोंगर आणि त्यावर अळीव पेरून उगवलेले कोवळे गवत दिसले, तेव्हा बालपणीचा सोबती रस्त्यात भेटावा तसे मला झाले.

माझी धाकटी मुलगी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात राहते. तेथे ॲनाहाइम या गावी डिस्नेलँड नावाचे प्रचंड क्रीडोद्यान आहे. ते १७ जुलै १९५५ रोजी उघडले. शरद ऋतूत तेथे भोपळ्यांची आरास असते आणि पुढे नाताळ आला की सारे उद्यान नव्याने सजते. माझी दहा वर्षांची नात दरवर्षी ती आरास पाहायला जाते. पाळण्यांत बसण्यापेक्षा सजावट न्याहाळण्यात तिला अधिक आनंद वाटतो. हा गुण तिने कोणाकडून उचलला, हे मी सांगत नाही. दूरध्वनीच्या पडद्यावर ती मला एकेक चित्र दाखवत असते. एका दुकानावरच्या भोपळ्याचा चेहरा दुसऱ्या दुकानावरच्या भोपळ्यासारखा नसतो, हे तिने हेरले होते. त्या रस्त्यावरच्या घरांचे वरचे मजले खालच्या मजल्यांपेक्षा मुद्दाम लहान मापाचे बांधले आहेत, त्यामुळे घरे आहेत त्याहून उंच भासतात, हेही तिने मला ऐकवले. गेल्या वर्षी बोलता बोलता तिने एकदम विचारले, "आजोबा, त्या भोपळ्यांच्या मागच्या बाजूला काय असेल हो? तिकडूनही त्यांना रंग दिला असेल का?"

मला हसू आले. मी का हसलो, हे तिला कळेना. तेव्हा मी तिला जी गोष्ट सांगितली, तीच, बालमित्रांनो, आता तुम्हांला सांगतो.

ते १९७२ साल होते. महाराष्ट्रावर दुष्काळाचे सावट होते. आम्ही जुन्या नाशकातल्या एका गल्लीत राहत होतो आणि मी अकरा वर्षांचा होतो. त्या वर्षी गल्लीत वर्गणी जेमतेमच जमली. मोटर भाड्याने आणून हलता देखावा करण्याइतके पैसे मंडळाजवळ नव्हते. शेवटी दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक गृहस्थ पुढे आले. आम्ही मुले त्यांना पेंटरकाका म्हणत असू. ते म्हणाले, "हलता देखावा नको. आपण पंचवटी उभी करू. पाच वड, मध्ये रामाची पर्णकुटी. कागद, बांबू आणि खळ, एवढेच मला द्या. आणि ही पोरे द्या."

पंचवटी आमच्यापासून दूर नव्हती. नदी ओलांडली की झाले. पहिल्याच दिवशी पेंटरकाका आम्हांला पुलावरून पलीकडे घेऊन गेले आणि सीतागुंफेजवळच्या वडांपाशी उभे करून म्हणाले, "पाहा." आम्ही पाहिले. "आता पान उलटून पाहा." पान वरून गर्द हिरवे आणि तुकतुकीत, खालून फिकट आणि शिरांचे. शेंड्याची कोवळी पाने तांबूस. वड मी जन्मल्यापासून पाहत होतो. परंतु त्याचे पान असे असते, हे मला त्या दिवशी कळले.

मग काम सुरू झाले. खरी पाने दहा दिवसांत सुकून जातील, म्हणून जाड कागदाची पाने कापायची, एका बाजूने गर्द आणि दुसऱ्या बाजूने फिकट रंग द्यायचा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधून त्यावर वर्तमानपत्राचे कागद खळीने चिकटवायचे, म्हणजे खोड तयार. खळीला कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. पारंब्यांसाठी काथ्याचे दोर. पर्णकुटीच्या मागे त्यांनी ऋषींच्या आणखी दोन कुटी मांडल्या. एक हातभर उंचीची आणि तिच्या मागची केवळ वीतभर. मी कारण विचारले. ते म्हणाले, "दूरचे लहान दिसते ना? मग लहान केले की दूर दिसते." त्या पेंटरकाकांनी डिस्नेलँडचे नावही ऐकले नसावे.

आम्हां पाच मुलांकडे एकेक वड सोपवला होता. माझा पाचवा, अगदी मागच्या रांगेतला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या वडाची पुढची बाजू पानांनी डवरली. मागची बाजू उघडी होती. शे-दीडशे पाने उरली होती. पलीकडच्या गल्लीत मोटर येऊन पोहोचल्याची बातमी आली होती आणि माझे सारे मित्र तिकडे पळाले होते. मी वडाकडे पाहिले. मागून त्याला कोण पाहणार? मागे तर नुसता पडदा! उरलेली पाने मी एका पिशवीत कोंबली, घरी नेऊन खाटेखाली सरकवली आणि मोटर पाहायला धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पडदा उघडला आणि मी गारठलो. पेंटरकाकांनी ओळखीच्या केशकर्तनालयातून दोन मोठे आरसे मागून आणले होते आणि ते रात्रीतून मागच्या पडद्यापुढे किंचित कलते उभे केले होते. पैसे नव्हते म्हणून त्यांनी ही युक्ती योजली होती. पाच वडांचे दहा झाले होते. कुटीमागे अरण्य थेट आतपर्यंत गेल्यासारखे दिसत होते. लोक "वा! वा!" करीत होते. आणि त्या अरण्याच्या ऐन मध्यावर, आरशात, माझ्या वडाची उघडी पाठ दिसत होती. वर्तमानपत्राचा कागद, उलटी अक्षरे, आणि केशतेलाच्या जाहिरातीतली एक हसरी बाई!

मोठ्यांपैकी किती जणांच्या ते लक्षात आले, देव जाणे. वडिलांच्या खांद्यावर बसलेली एक लहान मुलगी मात्र मोठ्याने म्हणाली, "बाबा, रामाच्या वनात ती बाई कोण?" मंडपात हशा पिकला. मी खांबाआड लपलो.

रात्री गर्दी सरल्यावर पेंटरकाकांनी मला बोलावले. ते रागावलेले दिसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पाने कमी पडली का रे?"

त्यांनी स्वतःच मला पळवाट दाखवली आणि मी तीतून निसटलो. "हो, काका," मी म्हणालो.

"असू दे," ते म्हणाले. "माझीच मोजणी चुकली असेल."

घरी येऊन मी अंथरुणावर पडलो. खाटेखाली पिशवी होती. कूस बदलली की ती पायाला लागते आहे, असा भास होई. मध्यरात्र उलटल्यावर मी उठून खिडकीशी गेलो. समोर मंडपात कंदील जळत होता. पेंटरकाका मांडी घालून बसले होते आणि कात्रीने पाने कापत होते. एक पान कापायचे, उलटायचे, दुसऱ्या बाजूला फिकट रंग लावायचा, वाळत ठेवायचे. दिवसभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या आणि सकाळी पुन्हा त्याच कामाला जायचे होते.

मी किती वेळ खिडकीत उभा राहिलो, मला आठवत नाही. आई जागी होऊ नये म्हणून अनवाणीच जिना उतरलो, एवढे आठवते. मंडपात जाऊन मी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. बोलायचे पुष्कळ ठरवले होते. तोंडातून शब्द फुटला नाही. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. हातातली कात्री खाली ठेवली आणि खळीचे भांडे माझ्याकडे सरकवले.

"देठाला लाव," ते म्हणाले. "पान मोकळे राहिले पाहिजे."

पहाटेपर्यंत आम्ही पाने लावत होतो. शेवटी चार-दोन पाने त्यांनी माझ्याकडून तांबड्या रंगात बुडवून घेतली आणि शेंड्याला लावायला सांगितली. त्या वडाची पाठ पुढच्या बाजूपेक्षाही देखणी झाली, असे मला वाटते. पण माझ्या मताला येथे फारशी किंमत नाही. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी येऊन ती बाई शोधली असेल का, याचा मी अजूनही कधी कधी विचार करतो.

अनंत चतुर्दशीनंतर वड मोडले. काथ्या आणि बांबू पुढच्या वर्षासाठी माळ्यावर गेले, आरसे दुकानात परतले. पेंटरकाकांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. मंडळात कोणाला सांगितलीही नसावी.

माझ्या नातीने सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "म्हणजे भोपळ्यांच्या मागे रंग असेल, की नसेल?" मी म्हणालो, "पुढच्या खेपेला मागे जाऊन पाहा आणि मला कळव." अद्याप तिचे उत्तर आलेले नाही.

मी मात्र अजूनही दर भाद्रपदात मंडपांच्या मागे जातो. तेथे दोर असतात, पट्टे असतात, चहाचे रिकामे पेले असतात आणि दमून झोपलेली मुले असतात. एखाद्या राक्षसाच्या पाठीवर कोणी अंगरख्याची घडी रंगवलेली दिसली की मी थबकतो. मग हमखास एखादा स्वयंसेवक धावत येतो आणि नम्रपणे म्हणतो, "आजोबा, वाट चुकलात. दर्शनाची रांग पुढून आहे."