पऱ्हाटीची लव

भर पावसाळ्यात हिंगणघाटच्या काळ्या रानातलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान उलटून उजेडासमोर धरलं, की शिरांच्या कडेनं बारीक पांढरी लव दिसते. पानाच्या त्वचेतल्याच काही पेशी बाहेर वाढतात. काही एकट्या, काही एकाच बुडातून चांदणीसारख्या फाकलेल्या.

रस शोषणाऱ्या तुडतुड्यांशी पहिली गाठ या लवेचीच पडते. तुडतुड्याची मादी शिरेत अंडी खुपसते. लव लांब आणि दाट असली की मादीचा अंडी घालण्याचा अवयव शिरेपर्यंत नीट पोचत नाही. लव विरळ असेल तर पिल्लं रस शोषतात, पानाच्या कडा मुडपतात, पिवळ्या पडतात, मग लाल. १९२०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनला पार्नेल या कापूस-संशोधकानं लवदार झाडं निवडूनच यू-४ हे तुडतुड्यांना तोंड देणारं वाण घडवलं. बीटी कपाशी २००२मध्ये भारतात आली, पण तिचं विष बोंडअळीसाठी. रस शोषणाऱ्या किडींपुढे ते चालत नाही. म्हणून बियाण्याच्या पाकिटावरच्या बोंडाच्या चित्राइतकंच पानाकडेही बघायला हवं. मात्र लव दाट झाली की पांढऱ्या माशीचं फावतं. एका शत्रूला अडवणारी गोष्ट दुसऱ्याला आसरा देते, आणि वाण निवडणाऱ्याला या दोहोंमध्ये मेळ घालावा लागतो.

आता कापूस.

तोही केसच! सरकीच्या त्वचेतली एक पेशी म्हणजे रुईचा एक तंतू. फूल उमलतं त्याच दिवशी ती फुगून वर येते, दोन-तीन आठवडे नुसती लांबत जाते. पुढे आतून सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटलं की पेशी सुकते, चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. त्या पिळामुळेच तंतू एकमेकांना धरतात, सूत निघतं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात १९३८पासून मांडलेल्या चरख्यांचं सारं काम या पिळावर उभं आहे. रानटी कपाशीच्या कित्येक जातींचे केस इतके आखूड, की त्यांचं सूतच होत नाही. लांबी वाढली ती माणसानं पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीनं. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटी रुईचं नाव विलायतेपर्यंत गेलं ते तिच्या तंतूमुळे.

जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीवर आखूड लव उरतेच. फूल उमलल्यावर काही दिवसांनी उगवलेले हे मागाहूनचे केस. त्यांच्यामुळे बिया एकमेकींना चिकटतात. म्हणून घरची सरकी पेरण्याआधी शेतकरी ती शेणमातीत चोळून मोकळी करत.