तबेर्नासचं ढिश्क्यांव!

वेस्टर्न सिनेमा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रखरखीत माळ, लाकडी सलून, तोंडात चिरूट धरलेला क्लिंट ईस्टवूड आणि पापणीही न हलवता त्याचं ते पिस्तूल काढणं. हे सगळं अमेरिकेत घडलं असं तुम्हालाही वाटतं ना? पण बॉस, ती ‘अमेरिका’ आहे चक्क स्पेनमध्ये!

आल्मेरिया शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर तबेर्नासचं वाळवंट सुरू होतं. सर्जिओ लिओनी या इटालियन दिग्दर्शकाने ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’साठी (१९६५) इथे एक अख्खं गाव उभं केलं. शूटिंग संपलं, पण गाव राहिलं. आज ते ‘ओआसिस मिनीहॉलिवूड’ नावाचं थीम पार्क आहे. आपल्या ‘शोले’वर या सिनेमांची छाप असल्यामुळे तिथल्या धुळीत पाय ठेवताच मला पहिल्यांदा रामगडच आठवलं.

शोची वेळ झाली. शेरीफ आला, डाकू आले, बाचाबाची झाली आणि गोळीबार सुरू. मला वाटलं, दिवाळीत टिकल्या फोडतो तसं काहीतरी असेल. कसलं काय! आवाज थेट छातीत बसला. बाजूची दोन पोरं आईला बिलगली. मग एक गोष्ट लक्षात आली. पिस्तुलाची नळी कधीच समोरच्या माणसावर नव्हती, जराशी बाजूला होती. आणि दोघांमध्ये चांगलं अंतर होतं. शो संपल्यावर एका ‘मेलेल्या’ डाकूला गाठून विचारलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने समजावलं की ते अंतर नाटकासाठी नाही, जिवासाठी असतं.

खोटी, पण किती खोटी?

सिनेमातली बंदूक ही एकच वस्तू नसते. धावताना, पडताना हिरोच्या हातात असते ती रबराची. खऱ्या बंदुकीवरून सिलिकॉनचा साचा काढतात, त्यात रबर ओततात आणि वाकू नये म्हणून आत धातूची काडी ठेवतात. लांबून दिसणाऱ्या गर्दीच्या हातातही अशाच बंदुका. जवळून दाखवायची, पण उडवायची नाही, तिथे धातूची हुबेहूब प्रतिकृती. वेस्टर्नपटांची रिव्हॉल्व्हर्स बनवणारी इटलीची उबर्ती कंपनी १९५९ पासून धंद्यात आहे.

आणि धूर, जाळ, आवाज हवा असेल तर? तिथे खऱ्या बंदुकीत ब्लँक घालतात. ब्लँक म्हणजे दारू भरलेलं, पण पुढे शिसाची गोळी नसलेलं काडतूस. त्याचं तोंड चिमटून बंद केलेलं असतं. शॉटच्या गरजेप्रमाणे दारू पूर्ण, अर्धी किंवा पाव भरतात.

फुसकी? मुळीच नाही!

गोळी नाही म्हणजे धोका नाही, हा फंडा इथेच विसरा. ब्लँक उडालं की नळीतून तापलेला वायू आणि न जळलेली दारू सुसाट बाहेर पडते. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम हा २६ वर्षांचा अमेरिकन अभिनेता शूटिंग लांबलं म्हणून कंटाळला. गंमत म्हणून त्याने ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावलं आणि घोडा दाबला. वायूच्या धक्क्याने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला. सहा दिवसांनी तो गेला.

दुसरी भानगड डमीची. रिव्हॉल्व्हर समोरून दाखवलं की त्याच्या चक्रातल्या गोळ्या दिसतात. म्हणून तिथे डमी ठेवतात. तिला पुढे शिसं असतं, पण आत दारू नसते. नीट बनवलेल्या डमीच्या अंगाला भोक पाडलेलं असतं किंवा आत छर्रा टाकलेला असतो. कानाजवळ हलवली की खुळखुळते, म्हणजे ती डमी!

१९९३ मध्ये ‘द क्रो’च्या सेटवर खऱ्या काडतुसांतली दारू काढून घाईघाईत डमी बनवल्या गेल्या. दारू पेटवणारी तळातली टोपी, म्हणजे प्रायमर, मात्र तशीच राहिली. तिच्या छोट्याशा धक्क्याने शिसं नळीत जाऊन अडकलं. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरून उडवलं, तेव्हा अडकलेलं शिसं सुटून ब्रँडन लीला लागलं. ब्रूस लीचा हा मुलगा फक्त २८ वर्षांचा होता. त्या दिवशी कोणी नळीत एकदा डोकावून पाहिलं असतं तर?

‘एक मिनिट थांबा’

हे काम ज्याचं, त्याला आर्मरर म्हणतात. बंदुका कुलपात ठेवणं, मोजून देणं, नटासमोर उघडून दाखवणं, शॉट संपताच परत घेणं, सगळं त्याच्याकडे. आणि खरी गोळी सेटवर नकोच, हा पहिला नियम. २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर तोच मोडला. बंदूक ‘कोल्ड’, म्हणजे बिनधोक, असं जाहीर झालं होतं. तरी तिच्यातून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स गेली. पुढे तपासात डमींमध्ये खऱ्या गोळ्या मिसळलेल्या सापडल्या. २०२४ मध्ये तिथल्या आर्मररला १८ महिन्यांची शिक्षा झाली. आता बरेच निर्माते नुसता हवेवर चालणारा एअरसॉफ्ट वापरतात आणि जाळ नंतर कॉम्प्युटरवर टाकतात.

प्रत्येक ऑफिसात एक माणूस असतो. सगळं तयार असताना ‘एकदा परत चेक करू या’ म्हणतो आणि आपण डोळे फिरवतो. सेटवर तोच माणूस सगळ्यात महागातल्या हिरोलाही थांबवू शकला पाहिजे. कारण बंदूक किती खोटी आहे यावर फारसं काही ठरत नाही. ती कोणी आणि किती वेळा तपासली, यावर ठरतं.

कसं जाल?

शेंगेन व्हिसा काढा, माद्रिद किंवा बार्सिलोनामार्गे आल्मेरियाला विमानाने पोचा आणि पुढे गाडी भाड्याने घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, भाजून निघाल. टोपी आणि पाण्याची बाटली मस्ट. शोच्या वेळा गेटवरच विचारून ठेवा. आणि गोळीबार सुरू झाला की हिरोचा चेहरा पाहू नका. त्याच्या हाताकडे बघा, नळी कुठे रोखलीय ते बघा. खरी कमाल तिथे आहे.