गाजरगवताचं रुपेरी भावंड

गाजरगवताचं नाव काढलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे बांध, माळ, रस्त्याच्या कडा त्यानं व्यापल्या. त्याचं एक भावंड उत्तर मेक्सिकोच्या चिवावा वाळवंटात उगवतं. प्रजाती तीच, पार्थेनियम. पण पानं रुपेरी, वाढ संथ आणि सालीत अस्सल रबर. नाव ग्वायूले. रबराच्या चिकावर काम करण्यात माझं आयुष्य गेलं आणि या झुडपाकडे मी पुन्हापुन्हा वळत राहिलो.

केरळात किंवा आपल्या दोडामार्गात रबराच्या झाडाला काप देतात. सालीतल्या नलिकांतून चीक ओघळतो, वाटीत जमतो. झाड जगतं आणि पुन्हा देतं. ग्वायूलेत अशा नलिकाच नाहीत. त्याचं रबर एकेका पेशीत कोंडलेलं. म्हणून झुडूप कापायचं, पाण्यात वाटायचं आणि पेशी फुटून बाहेर आलेला चीक, दुधावरची साय काढावी तसा, यंत्रात फिरवून वेगळा करायचा. कापणीनंतर फांद्या वाळल्या तर चीक आतच गोठतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेक्सिकोत तोर्रेऑनच्या परिसरातले कारखाने रानातल्या झुडपांवर चालत. क्रांतीच्या धामधुमीत तो धंदा मोडला. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती गेला, अमेरिकेचं रबर तुटलं आणि सरकारला ग्वायूले आठवलं. कॅलिफोर्नियातलं सॅलिनास केंद्र धरून सुमारे ३२,००० एकरांत लागवड झाली. मांझानारच्या छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांनीही जुजबी साधनांवर यात मोलाचं संशोधन केलं. युद्ध संपलं, कृत्रिम रबर आलं आणि उभं पीक जाळून, नांगरून टाकलं गेलं.

२००० साली अमेरिकेत युलेक्स कंपनी निघाली. अमेरिकी कृषी खात्यातल्या कॅट्रिना कॉर्निश यांच्या संशोधनाचा तिला आधार होता. किमतीत नेहमीच्या रबराशी झुंजण्याऐवजी ग्वायूले कुठे सरस ठरतं, हे तिनं शोधलं. १९८०च्या दशकात एड्सच्या धास्तीनं रुग्णालयांत हातमोज्यांचा वापर वाढला, तशी चिकातल्या प्रथिनांची ॲलर्जीही वाढली. कुणाला पुरळ उठे, कुणाचा श्वास कोंडे. ग्वायूलेच्या चिकात प्रथिनं अगदी थोडी, आणि तीही निराळी. २००८ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं या चिकाच्या हातमोज्यांना मान्यता दिली. पुढे पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीनं लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी या रबराचे पोशाख आणले. नंतर मात्र पोशाखांसाठी युलेक्स प्रमाणित बागांतल्या नेहमीच्या रबराकडे वळली.

मला त्याचं वाईट वाटलं, पण या पिकाचं गणित खरोखरच अवघड आहे. वाळलेल्या झुडपात रबर दहावा हिस्सा, बऱ्याचदा त्याहूनही कमी. उरलेली राळ आणि चोथा यांनाही दाम मिळायला हवा. मळी आणि चिपाड फुकट घालवून आपला साखर कारखाना तरी किती दिवस तगेल? ब्रिजस्टोननं २०१४ मध्ये ॲरिझोनातल्या मेसा इथं संशोधन केंद्र उघडलं आणि २०२२ मध्ये इंडीकार शर्यतीच्या टायरांत ग्वायूलेचं रबर वापरलं. हे काम थांबू नये असं मला मनापासून वाटतं.

कारण जगातलं बहुतेक नैसर्गिक रबर एकाच जातीच्या झाडापासून आणि मुख्यतः आशियातून येतं. त्याच झाडाच्या ब्राझीलमधल्या मोठ्या बागा पानांवरच्या करप्यानं संपवल्या. तो रोग आशियात अजून पोचलेला नाही. पोचला, तर ग्वायूले तेव्हा लावून भागणार नाही. पहिल्या कापणीलाच दोनेक वर्षं लागतात. सॅलिनासला हेच झालं: झुडपं भरायच्या आत युद्ध संपलं. रबराची ददात नसते, तेव्हाच हे झुडूप शेतात असायला हवं.