कमानीखाली उतरताना

पूल तपासायला गेलो की मी आधी नदीपात्रात उतरतो. डांबर, कठडे नंतर. कमानीचा पूल वरून पाहून कळत नाही.

दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून जुन्या लोकांनी ताण येऊच नये असा आकार शोधला. आधी लाकडी साचा, त्यावर दोन्हीकडून चढत जाणारे घडीव दगड आणि माथ्यावर कळीचा दगड. साचा काढला की कमान किंचित बसते आणि आपल्या पायांवर उभी राहते. सळई नसलेली काँक्रीटची कमानही याच न्यायाने उभी असते. कमान पायथ्याला नुसती दाबत नाही, बाहेरही रेटते. ओळीने कमानी असल्या की मधल्या खांबावर डावीचा रेटा उजवी खोडते, त्यामुळे तो खांब सडपातळ चालतो. मात्र तोच खचला तर शेजारच्या दोन्ही कमानींचा टेकू जातो.

महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान सावित्रीवर १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वरच्या डोंगरातून आलेल्या पुरात तो गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या माणसांसह नदीत गेल्या. शेजारचा नवा पूल उभा होता. त्या रात्रीनंतर कुठल्याही जुन्या कमानीखाली मी घाईने उभा राहिलेलो नाही.

पुराचं पाणी खांबाच्या तोंडाशी आपटून खाली वळतं, भोवरा धरतं आणि पायालगतची वाळू-गोटे उचलून नेतं. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरतो. मे महिन्यात पाहावं तर पात्र सपाट, पाया झाकलेला, सगळं ठाकठीक. डोळा इथे हमखास फसतो. पहार फसत नाही: घट्ट थरावर ती खणकन अडते, ताज्या गाळात मुकाट्याने आत जाते. सांध्यातला चुना धुपला आहे का, पिंपळाचं मूळ शिरलं आहे का, हेही बघावं. पण माझ्या मते पहिला वेळ पायाला द्यावा.

सावित्रीवर पडलेल्या पुलाच्या जागी दुसरा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. कोकणातल्या इतर नद्यांवर जुन्या कमानी अजून वाहतूक पेलत आहेत. तरुण अभियंत्यांनो, पावसाळ्यापूर्वी त्यांच्याखाली उतरा, आणि पहार सोबत न्या.