उभा कुठे आहेस?

प्रोग्रॅमला नुसतं "ओव्या नावाची फाईल उघड" असं सांगितलं, तर तो ती शोधणार कुठे? बऱ्याच जणांना वाटतं, प्रोग्रॅम जिथे ठेवलाय तिथेच. पण तसं नसतं. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम कुठल्यातरी एका फोल्डरमध्ये 'उभा' असतो आणि अर्धवट पत्ता तिथून मोजला जातो. आपण नाही का सांगत, "मारुतीपासून डावीकडे तिसरं घर"? आता कुठला मारुती, ते ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर!

ही जागा प्रोग्रॅमला वारशाने मिळते, ज्याने त्याला सुरू केलं त्याच्याकडून. युनिक्स पीडीपी-७ वर होतं तेव्हाची एक गंमत डेनिस रिचींनी लिहून ठेवलीय. प्रत्येक आज्ञेसाठी वेगळी प्रोसेस सुरू करायची सोय झाली आणि फोल्डर बदलायची आज्ञाच चालेनाशी झाली. ती नवी प्रोसेस स्वतःची जागा बदलायची आणि संपून जायची. मूळ शेल आपला जागच्या जागी! शेवटी ते काम शेललाच स्वतः करावं लागलं.

आमच्या मामाने आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाईप करून ठेवल्यात. मामेभावाने त्यासाठी पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम करून दिला होता. पुढे त्याने डेस्कटॉपवर आयकॉनही टाकला. मामाने तो दाबला, तर एकही ओवी नाही! मला फोन आला, "अगं, आईचं सगळं पुसलं गेलं की गं."

पुसलं काहीच नव्हतं. आयकॉनवरून सुरू झालेला प्रोग्रॅम दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभा होता. तिथे फाईल नव्हती आणि एस्क्यूलाईटचा रिवाज असा की, वेगळं काही सांगितलं नसेल तर नसलेली फाईल मुकाट्याने नवी करायची. जुनी बिचारी जुन्या जागी सुखरूप. मामेभावाने पूर्ण पत्ता घातला आणि 'असेल तरच उघड' असंही बजावलं.

मला वाटतं, कोऱ्या पानापेक्षा "सापडत नाही" हे उत्तर केव्हाही बरं. नाही म्हटलं की माणूस शोधायला तरी लागतो. कोरं पान दिसलं की तो सरळ रडायलाच बसतो.

तेव्हा मंडळी, तुमचंही काही असं 'गेलं' असेल, तर त्याच नावाची फाईल आधी सगळ्या कम्प्युटरवर शोधा. दोन सापडल्या तर मोठी आपली.