चौकाची नोंद

गाडीतल्या नकाशासाठी रस्ते आखणं हे आमच्या कामातलं सोपं काम. उपग्रहाचं चित्र पडद्यावर घ्यायचं, रस्त्याच्या मधोमध रेघ ओढायची, नाव भरायचं. कस लागतो तो चौकात.

पुण्याचा चांदणी चौक घ्या. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ला मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडला. पुढच्या ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला. वरून पाहिलं तर पूल, महामार्ग, सेवारस्ते, रॅम्प यांचा नुसता गुंता. डेटाबेसमध्ये मात्र गाडीला एका रेघेवरून दुसरीवर खरोखर जाता येतं तिथेच नोड, म्हणजे जोडबिंदू, द्यायचा. पूल आणि खालचा महामार्ग यांना एक समाईक नोड दिला, की संगणकाच्या लेखी तिथे चौक झाला. मग तो चालकाला पुलाच्या कठड्यापाशी डावीकडे वळायला सांगणार. म्हणून तिथे नोड न देता रेघांचे वरखालचे स्तर नोंदवायचे. नंतर वळणं. साध्या चार रस्त्यांच्या चौकातही, यू-टर्न धरून, सोळा शक्यता तपासाव्या लागतात.

वळणांच्या नोंदीचं हे मोल जुनंच. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या ईटॅक कंपनीने गाडीत बसवायचा नॅव्हिगेटर आणला. जीपीएसचा आधार नव्हता. चाकांवरचे सेन्सर, होकायंत्र आणि कॅसेटवरचा नकाशा एवढ्यावर तो चाले. अंतर मोजताना चूक साचत जाई. गाडी वळली की तो नकाशातलं जुळणारं वळण शोधून गाडीची खूण तिथे आणून बसवी. ही युक्ती मला आजही थोर वाटते. आता जीपीएस आहे, पण गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे त्यालाही नेहमी कळत नाही. नकाशाच लागतो.

आणि प्रवेशबंदीचा फलक आकाशातून दिसत नाही. पुण्यातलेच शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता, दोन्ही एकेरी, दिशा उलट, चित्रात सारखेच. गाड्यांच्या जीपीएस मागांवरून दिशा ताडता येते, पण आपल्याकडे दुचाक्या उलट्याही येतात. फांदीआड गेलेला फलक आणि त्यावरच्या वेळा वाचायला माणूसच पाठवावा, या मतावर मी ठाम आहे. रुग्णालयासमोरच्या दुभाजकातली फट एका रात्रीत काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद होते, आणि रुग्णवाहिकेला पुढच्या चौकातून वळून यावं लागतं. पाहणीच्या यादीत अशा जागा सगळ्यात वर असाव्यात, असा माझा आग्रह असतो.